घरटी एक लायब्ररी

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय घेणाऱ्या माणसाने ते कसे घेतले हे कुठेतरी लिहिलेलं असावं. वाचणारा कोणी नाही. पुढे शंका आली तर मीच वाचेन. शंका येणार नाही.

वस्तुस्थिती. गणपतीनंतर ऐरोलीची नोकरी सोडली. तिथलीच जुनी सहकारी विनिता आणि मी मिळून 'हुडक' तयार करतो आहोत. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलाने आपल्या भाषेत प्रश्न टाकायचा, 'तारीख उलटी कशी लिहू', आणि हुडकने उत्तर शोधून द्यायचं, उदाहरणासकट. उत्तरं निघतात लायब्ऱ्यांच्या डॉक्युमेंटेशनमधून. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. डॉक्युमेंटेशन म्हणजे तो कसा वापरायचा हे सांगणारी पानं. जगात लायब्ऱ्या लाखो. आमचा कॉम्प्युटर एक, खोपोलीच्या शिळफाट्याला फरसाणच्या दुकानावरच्या खोलीत, टेबलाखाली. त्यात साठ लायब्ऱ्या नीट बसतील असं विनिता म्हणते.

कोणत्या साठ, हे मी ठरवायचं. बाकीचं सगळं मी बघते, तू एवढंच कर, असं ती स्वतःहून म्हणाली. याला विश्वास म्हणतात.

१२ डिसेंबरला कर्जतच्या, मुलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तेजश्री मॅडम हुडक बघणार. पटलं तर संस्थेतल्या मुलांसाठी घेणार. नाही पटलं तर विनिता पुण्याला नोकरी धरणार आणि मी परत ऐरोली. तिथल्या साहेबांनी माझी खुर्ची नव्या वर्षापर्यंत रिकामी ठेवली आहे. हे माझ्या बायकोने, भाविकाने, त्यांना परस्पर फोन करून विचारलं. मी विचारलं नव्हतं. मला जायचं नाही.

संकल्प: आठवड्यात यादी पूर्ण.

११ नोव्हेंबर

विनिताने संस्थेतली मुलं काय काय विचारतात ते गोळा करून पाठवलं. उघडलं नाही. लोक मागतात तेच द्यायचं असेल तर ठरवणारा माणूस कशाला हवा?

मी आधी मराठीत एम.ए. केलं, संगणक नंतर. त्याचा उपयोग आता होईल. निकष एकच: डॉक्युमेंटेशनचा पहिला परिच्छेद. आपण काय करतो हे ज्याला साध्या वाक्यात सांगता येत नाही, त्याचा कोड मी मुलांच्या हातात देणार नाही. पहिल्या परिच्छेदात उद्गारचिन्ह दिसलं की बाद. स्वतःला 'सुंदर' म्हणवून घेणारी बाद. स्वतःला 'वेगवान' म्हणवणारीवर नजर ठेवायची.

१३ नोव्हेंबर

परीक्षण जोरात. उद्गारचिन्हं फार. या लोकांना काय एवढा आनंद होतो कळत नाही.

चार पास. त्यातली एक चंद्राच्या कला मोजते. अमुक तारखेला चंद्र किती दिसेल, एवढंच. लेखकाने कित्येक वर्षांत तिला हात लावलेला नाही. पण पहिलं वाक्य काय आहे. एकही शब्द काढता येत नाही. मी तीनदा काढून बघितला.

दूध उतू गेलं. भाविकाने जाताना गॅसकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं असं ती म्हणते. ती साजगावच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. सकाळी कंपनीच्या बसने जाते, मग घरात शांतता असते. शांततेत दुधाचा आवाज येत नाही.

१५ नोव्हेंबर

विनिताचा फोन. चारच का, आणि त्यात चंद्र का. पहिला परिच्छेद वाच, म्हटलं. तिने वाचला असावा, कारण चंद्राचं पुन्हा काढलं नाही. मग मुलांचे प्रश्न उघडले का विचारलं. इकडे गावात नेटवर्क नाही, असं सांगितलं. नेटवर्कवरूनच बोलत होतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं.

निकष थोडा सैल करतो. एक उद्गारचिन्ह माफ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवस वाया.

चुलतभाऊ स्वराजचं लग्न महिनाअखेरीला. धाकलू काका आमंत्रणं करणार आणि बाईकवर त्यांना फिरवायचं मी. का, तर मी 'घरीच असतो'. हे वाक्य आता अख्खं गाव बोलतं. मी घरी असतो हे खरं. घरीच असतो हे खोटं. त्या 'च'मध्ये माझ्या कामाचा अपमान आहे. काकांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चावी हातात दिली.

मात्र एक नोंदवण्यासारखं. काकांची पद्धत. दारात उभं राहायचं, अक्षता द्यायच्या, एक शब्द बोलायचा. बहुतेक दारांत तो शब्द 'घरटी एक'. म्हणजे त्या घरातून एक माणूस जेवायला. मोजक्या दारांत 'चूलबंद'. म्हणजे सगळं घर आमच्याकडे, त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटवायची नाही. विचार नाही, चर्चा नाही. अख्खी आळी चहा थंड होण्याआधी उरकली.

आणि मी एका उद्गारचिन्हापाशी अडून बसलो आहे.

१८ नोव्हेंबर

प्रकाश पडला.

लायब्ऱ्यांचीही घरं असतात. तक्ते, आकडे आणि आलेख यांच्या लायब्ऱ्या कायम एकत्र दिसतात. पांडाज, नमपाय, मॅटप्लॉटलिब. जिथे बघावं तिथे तिघी बरोबर. हे एकत्र कुटुंब. त्यांच्यातली एक बोलावली की घराला मान मिळाला. पांडाज. घरटी एक.

असं केलं की साठ लायब्ऱ्यांत साठ घरं येतात. कोणाचं घर सुटत नाही. इतकं सोपं आजवर कोणाला सुचलं कसं नाही?

विनिताला लांब मेसेज लिहिला. सिद्धांताला नाव दिलं: घरटी-न्याय.

उत्तर: तू बरा आहेस ना.

२१ नोव्हेंबर

अठ्ठावन्न घरं झाली. एक चंद्राला. एक जागा राखून ठेवली, पुढे कोणी चांगलं लिहिणारा भेटला तर.

जेक्वेरी बाद. वय झालं. विनिताचं म्हणणं, खोपोलीतल्या निम्म्या दुकानांच्या वेबसाइट अजून तिच्यावरच चालतात. म्हटलं, म्हणून काय झालं. तिने फोन ठेवला. नेटवर्कचा प्रश्न आता तिलाही भेडसावतो आहे.

यादी पाठवली. संकल्प पूर्ण, किंचित उशिरा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

स्वराजची हळद.

ज्या घराला घरटी एक सांगितलं तिथून तीन-तीन, चार-चार माणसं आली. स्वतः बघितलं. वरच्या आळीतली भागूबाई नातवंडांसकट आली, आणि घरटी एकच ना, म्हणून माझ्याकडे बघून हसली. मी काकांना बाजूला घेतलं. हे नियमात बसत नाही, म्हटलं. तुम्ही एक सांगितलं होतं.

काका मटणाच्या टोपाशी उभे होते. डाव हातातच.

"आरं, घरटी एक म्हनायचं असतं. म्हनलं म्हून कोन बायकोला घरी ठेवून येतो काय? त्यो एक आला तं बाकीची मागून येनारच. येडा हाय का तू?"

मग मटण पुरणार कसं, विचारलं. ते कमी पडलं नाही. काकांनी आधीच तिप्पट धरलं होतं.

म्हणजे अंमलबजावणीत गोंधळ. न्याय बरोबरच आहे. माणसं पाळत नाहीत. लायब्ऱ्या पाळतील, त्यांना पाय नाहीत.

२ डिसेंबर, मंगळवार

वाईट दिवस.

तेजश्री मॅडमनी ठरलेल्या दिवसाआधी एकदा मुलांकडून वापरून बघायचं ठरवलं. विनिता आणि मी कर्जतला गेलो. मॅडम मूळच्या ठाकुरवाडीच्या, बोलायला मोकळ्या. मला सर म्हणतात. त्यांच्या 'सर'मध्ये काहीतरी असतं.

पहिल्या मुलीने तक्ता कसा वाचायचा ते विचारलं. पांडाज आली, उत्तर आलं. मी विनिताकडे बघितलं. मग त्या मुलीने त्याच तक्त्याचा आलेख कसा काढायचा ते विचारलं. कोरं पान. दुसऱ्या मुलाला पांडाजचं उत्तर मिळालं, पण त्या उत्तरातली दुसरी ओळ नमपायची होती. त्याने ती ओळ टाकून विचारलं. कोरं पान. त्याला वाटलं मोबाइल हँग झाला. त्याने तो बंद करून चालू केला.

मग सगळ्या वर्गानेच.

मॅडमनी मला विचारलं की आलेख मुद्दाम वगळला का. मी घरटी-न्याय समजावून सांगितला. फळ्यावर घरं काढून दाखवली. मुलांनी लिहून घेतलं, त्यांना वाटलं परीक्षेला आहे.

मॅडम शेवटपर्यंत ऐकत होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही नवरदेवाला मांडवात घेतलं आणि नवरीला सांगितलं, तुमच्या घरचं एक माणूस आत गेलंय, तुम्ही बाहेर थांबा."

वर्ग हसला. विनिताही. तिचं हसणं मी बघितलं नाही असं तिला वाटत असेल तर बरं.

परतताना ती एवढंच बोलली की पुण्याच्या लोकांना तिने शुक्रवारपर्यंत थांबवलं आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत. १२ तारीख.

३ डिसेंबर

रागाने झोप लागली नाही. सकाळी उत्तर सापडलं.

अपयश घरटी एकचं आहे, आमंत्रणाचं नाही. काकांकडे दुसरा शब्दही होता.

चूलबंद.

बोलवायचं तर सगळं घर. जी लायब्ररी घेतली, तिला चालायला ज्या लागतात त्या सगळ्या घ्यायच्या. त्यांना ज्या लागतात त्याही. मग कोणी मांडवाबाहेर राहणार नाही. मॅडमच्या टोमण्याला हेच उत्तर.

विनिताला विचारलं नाही. कॉम्प्युटरला घरूनच आज्ञा दिली. नेटवर्क उत्तम होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

पाहुणे येतच आहेत.

वेबसाइटवाल्या एका लायब्ररीने नातेवाईक आणले, नातेवाइकांनी त्यांचे आणले. ही माणसं कोण आहेत ते त्यांनाही माहीत नसावं. एक लायब्ररी दिलेला आकडा विषम आहे का एवढंच सांगते. दुसरी, आकडा सम आहे का ते सांगते. ते ती पहिलीला विचारून सांगते. एक आहे ती शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा घालते. तिला तेवढंच येतं, पण तिचा मान आहे, तिच्याशिवाय वरची तीन घरं उभी राहत नाहीत.

पहिले परिच्छेद वाचणं सोडून दिलं आहे. कोणाकोणाचे वाचणार.

६ डिसेंबर

शिळफाट्याहून फोन, फरसाणवाल्या अंबूबाईंचा. "वर काय तलतंय रं तुमचं? माझ्या गिऱ्हाईकांना वास येतोय."

गेलो. कॉम्प्युटर गरम. हात लावता येईना. विनिता आधीच आलेली, खिडकी उघडून वर्तमानपत्राने वारा घालत होती. किती लायब्ऱ्या घेतल्या, तिने विचारलं. मोजल्या नाहीत, म्हटलं. चूलबंदमध्ये मोजायच्या नसतात.

साठ म्हणजे साठ सांगितल्या होत्या, ती म्हणाली. मी म्हटलं, घरं साठच आहेत.

ती बराच वेळ वारा घालत राहिली. मला वर्तमानपत्र दिलं नाही.

संध्याकाळी कॉम्प्युटर निवला. चालतो आहे. हळू चालतो आहे. मोठं कुटुंब म्हटलं की जेवायला वेळ लागतोच.

९ डिसेंबर

विनिता खोलीवर एकटीच काहीतरी करत असते. मी गेलो की लॅपटॉप फिरवते. पुण्याच्या मुलाखतीची तयारी असावी. वाईट वाटलं. तिला हुडकवर विश्वास उरलेला नाही. माझ्यावर आहे, नाहीतर बोलली असती.

भाविकाने बॅग काढून उन्हात ठेवली. ऐरोलीची. विचारलं तर म्हणाली, ऊन देतेय, बुरशी येते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. पण लिहायचं ठरवलं आहे.

मॅडम शिळफाट्याला आल्या, बरोबर संस्थेचे मुख्य. चहा झाला. मी सुरुवातीला दोन शब्द बोलणार होतो, विनिता म्हणाली नको.

मॅडमनी विचारलं: आलेखातले खांब लाल कसे करू.

हुडक विचार करू लागला. खाली अंबूबाईंच्या कढईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. उत्तर आलं ते शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा कशा घालायच्या याचं. दुसरं उत्तर, लाल हा आकडा विषम आहे का ते सांगता येत नाही. खांब लाल करण्याचं उत्तर होतं. खाली होतं. बरंच खाली. मी खाली जात राहिलो.

मुख्यांनी घड्याळ बघितलं. तेव्हा मी स्वतःच एक प्रश्न टाकला. आज चंद्र किती दिसेल.

उत्तर ताबडतोब. ते एक वाक्य पडद्यावर आलं आणि मला खरंच वाटलं, आता झालं. मॅडमनी सावकाश वाचलं.

"सर, हे फार छान लिहिलंय. पण आमच्या मुलांना चंद्र दारातून दिसतो."

मग विनिताने तिचा लॅपटॉप पुढे केला.

त्यात दुसरा हुडक होता. तिने मुलांचे ते प्रश्न घेतले होते, जे मी उघडले नव्हते, आणि ज्या लायब्ऱ्यांवर ती मुलं अडत होती तेवढ्याच भरल्या होत्या. साठही नव्हत्या. मॅडमनी खांब विचारले, खांब आले. लाल. मुख्यांनी एक विचारलं, तेही आलं. जेक्वेरीसुद्धा होती. एका उत्तरात लागोपाठ तीन उद्गारचिन्हं होती. कोणाला दिसली नाहीत.

संस्था हुडक घेणार. विनिता पुण्याला जाणार नाही.

ते गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, काय घ्यायचं नाही हे माझ्यामुळे स्पष्ट झालं, त्याशिवाय तुला हे जमलं नसतं. ती केबल गुंडाळत होती.

"योगेंद्र, यादी तुला का दिली माहितीये? सगळ्या कामांत त्यातच बिघडवण्यासारखं काही नव्हतं."

मग ती म्हणाली की आता काम एका माणसापुरतं आहे. वर्षभराने बघू. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर वाद घालता आला असता.

१३ डिसेंबर

भाविकाला सांगितलं. मला वाटलं ती बॅग आत घेईल किंवा खूश होईल. दोन्ही झालं नाही. ती पोळ्या लाटत होती.

तुला मी घरी नकोच होतो, म्हटलं.

"अहो, हवे होता की. पण घरी असून दूध उतू गेलेलं कळत नाही, तर तुम्ही ऐरोलीला असला काय न् इथे असला काय." लाटणं थांबलं. "मला वाटलेलं, होईल तुमचं. मी कंपनीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं."

हे मला ठाऊक नव्हतं.

१६ डिसेंबर

विनिताचा फोन. काम आहे, छोटं आहे, म्हणाली.

उत्तर नसलं की हुडक कोरं पान दाखवतो आणि मुलं मोबाइल बंद-चालू करतात. तेजश्री मॅडमचं म्हणणं, तिथे एक वाक्य पाहिजे. विनिताला वाटलं, हे मी लिहावं.

विचार केला. प्रत्येक उत्तर फक्त विचारणारा वाचतो. हे वाक्य मात्र कधी ना कधी सगळे वाचणार. हुडकमधलं सर्वात जास्त वाचलं जाणारं वाक्य. ते तिने माझ्यावर सोपवलं आहे. तिच्या बोलण्यात जो कडवटपणा आला होता तो तात्पुरता होता हे यावरून सिद्ध होतं.

संकल्प: घाई करायची नाही.

२२ डिसेंबर

वाक्याचे मसुदे. पहिला जड. दुसऱ्यात 'क्षमस्व' आलं, ते रेल्वेच्या घोषणेसारखं वाटतं. तिसऱ्यात उपदेश. चौथ्यात 'परंतु' आलं, 'परंतु' आलं की वाक्य आधीच हरलेलं असतं.

ऐरोलीच्या साहेबांचा मेसेज: ५ तारखेला या. उत्तर दिलं: येतो. एका शब्दाला किती वेळ लागला ते लिहीत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

झालं. पूर्ण वाक्य इथे उतरवून ठेवतो:

'तुम्ही जे शोधत होता ते आम्हाला अजून सापडलं नाही, याचा अर्थ ते कुठेच नसेल असा होत नाही.'

भाविकाला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं. चांगलंय, म्हणाली, आणि ती काही उगाच म्हणत नाही. मग म्हणाली, शर्टांना इस्त्री करून ठेवलीय.

विनिताला पाठवलं.

५ जानेवारी, सोमवार. ऐरोली, जेवणाची सुट्टी

खुर्ची तीच. पाठीचा एक बाजूचा स्क्रू ढिला होता, अजून ढिला आहे. डबा खाताना एकाने विचारलं, मध्ये कुठे होतात. घरी, म्हटलं. 'च' लावला नाही.

तेजश्री मॅडमनी मोबाइलचा फोटो पाठवला. हुडक वर्गात सुरू झाला आहे, सर तुमचं वाक्यही आलं, असं खाली लिहिलं होतं. फोटो मोठा करून बघितला. मोबाइलवर मोठं वाक्य बसत नाही म्हणून विनिताने थोडं कमी केलं आहे. आता पानावर एवढंच येतं:

सापडलं नाही.

दोन्ही शब्द माझेच आहेत.